पोळ्यांच्या डब्यातला ऑप्टिकल स्विच : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाचा सकाळी सकाळी हजर, हातात कॉलेजचा फॉर्म. फायनल इयर प्रोजेक्ट, विषय ऑप्टिकल स्विच. मी म्हटलं अरे बनवायचाय की नुसता पीपीटी करायचाय, तर म्हणे मामा बनवायचाय, नुसतं सिम्युलेशन चालणार नाही असं सरांनी सांगितलंय, आणि तुझ्याकडे स्प्लायसिंग मशीन (फायबरची टोकं वितळवून जोडणारं) आहे म्हणून तर मी हा विषय घेतला. म्हणजे मला न विचारता मी ग्रुपमध्ये. बरं.

मशीन माझं नाही, शेठचं. परळ लालबागच्या पट्ट्यात शेठचं केबल आणि इंटरनेट आहे, तिथे मी चौदा वर्षं फायबर, म्हणजे लाईट नेणारी काचेची बारीक तार, जोडतोय. रविवारी मशीन घरी न्यायला हो म्हणाले, अट एकच, फॉल्ट आला तर मशीनसकट लगेच खाली उतरायचं. नोंदी मी टाइप करतोय कारण भाच्याला लॉगबुक द्यायचंय आणि त्याला आठवड्याने काही आठवत नाही. इंग्लिश तो करून घेईल त्याचं.

आधी एक क्लिअर करून ठेवतो. हा स्विच म्हणजे ऑफिसातला २४ पोर्टचा डबा नाही. त्यात लाईट येते, तिची वीज होते, तो पॅकेट उघडतो, पत्ता वाचतो, परत लाईट करून पुढे सोडतो. आपला स्विच काहीच वाचत नाही, लाईट आली तशी एका फायबरमधून दुसऱ्या फायबरमध्ये वळवायची, बस. रेल्वेचा सांधा कसा, वरून फास्ट गेली काय आणि मालगाडी गेली काय, त्याला काय करायचंय. म्हणून त्यातून १ जी (सेकंदाला एक अब्ज बिट) जातं तसंच १०० जी पण जातं, स्विच बदलावा लागत नाही. हा फायदा. तोटा पण हाच आहे हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, ते शेवटी.

वळवायची कशी, तर बाजारात जे साधे मिळतात त्यात आत बारीक आरसा किंवा प्रिझम असतं, रिलेसारखं टक करून हलतं. पण सरांची अट, काही हलणारं नको. मग उरला माख झेंडर. लाईटचे दोन अर्धे भाग करायचे, दोन रस्त्यांनी न्यायचे, परत एकत्र आणायचे. दोन्ही लाटा जुळून आल्या तर सगळी लाईट एका लेगला (बाहेर जाणाऱ्या एका फायबरला), एक लाट अर्ध्याने मागे पडली तर सगळी दुसऱ्या लेगला. १५५० नॅनोमीटरची अर्धी लाट म्हणजे पाऊण मायक्रॉनच्या किंचित वर, आणि आपली फायबर कोटिंग सोडून १२५ मायक्रॉन जाड. एवढासा फरक पाडायला एक रस्ता किंचित गरम करायचा, काच गरम झाली की लाईट तिच्यातून थोडी हळू जाते. आयडिया झेंडरची १८९१ ची, माखने १८९२ मध्ये सुधारली, आणि हा माख म्हणजे विमानाच्या वेगातला जो माख, त्याचा मुलगा. हे भाच्याने सांगितलं, मला आवडलं म्हणून लिहिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सामान गोळा केलं. ५०:५० चे कपलर, म्हणजे लाईट निम्मी निम्मी वाटणारे, आमच्या स्टॉकमध्ये पडलेले असतात पण ते सगळे तीन लेगचे, एक इन दोन आऊट. आपल्याला शेवटचा कपलर चार लेगचा लागतो, दोन इन दोन आऊट. खरं तर आत सगळे चार लेगचेच असतात, दोन फायबर एकमेकींना चिकटवून वितळवून खेचलेल्या असतात, आणि चौथा लेग नको म्हणून आतच बंद करून टाकतात. एवढ्या वर्षांत मी कधी विचारच केला नव्हता की दोन फायबर जोडल्या तर टोकं चार हवीत, तीन कशी. लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं फिरलो, चौथ्याकडे दोन मिळाले. एकाची स्टीलची नळी किंचित वाकलेली होती, बदलून घेतला.

दुपारी जोडलं. दोन्ही आर्मचे (मधल्या दोन रस्त्यांचे) जॉइंट मशीनवर ०.०१ आणि ०.०२ डीबी लॉस दाखवत होते, म्हणजे उत्तम. हातातला लाईट सोर्स लावला, मायनस ५ डीबीएम, १५५० वर. (डीबीएम म्हणजे लाईटची पॉवर, शून्य म्हणजे एक मिलीवॅट, मायनस जितका मोठा तितकी लाईट कमी, ३ डीबी उतरलं की निम्मी.) पॉवर मीटर एका लेगला मायनस ८.६. दुसऱ्या लेगला मायनस ८.७. एका आर्मवर हात ठेवला, फुंकर मारली, हिच्या हेअर ड्रायरने गरम केलं. मायनस ८.६. मायनस ८.७.

म्हणजे स्विच नाही, नुसता स्प्लिटर झाला. भाचा म्हणाला जॉइंट खराब असेल. मी काही बोललो नाही पण चौदा वर्षांनी माझ्या जॉइंटवर संशय, तोही ०.०१ वर. जेवून गेला.

१ डिसेंबर, रविवार

चूक सापडली आणि जॉइंटची नव्हती हे पहिल्यांदा लिहून ठेवतो.

फील्डवरच्या हँडहेल्ड सोर्समध्ये फॅब्री पेरो लेसर असतो, स्वस्त आणि दणकट. लॉस मोजायला त्याला तोड नाही. पण त्याची लाईट एका रंगाची नसते, चार पाच नॅनोमीटरमध्ये पसरलेली असते. अशा लाईटच्या लाटा एकमेकींशी फार वेळ ताल धरत नाहीत, हिशोब केला तर फायबरमध्ये जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर. आणि आमच्या दोन आर्ममध्ये फरक किती, तर पट्टीने मोजला, ४ सेंटिमीटर. म्हणजे एका रस्त्याने आलेली लाट पोचते तेव्हा दुसरीचा ताल कधीच तुटलेला असतो. बेरीज वजाबाकी काही होत नाही, दोन्ही लेगला निम्मी निम्मी. मीटर बरोबर तेच सांगत होता.

मग एका रंगाचा लेसर हवा, म्हणजे डीएफबी. तो केबल टीव्हीच्या १५५० ट्रान्समीटरमध्ये असतो. शेठच्या गोडाऊनमध्ये जुना डायरेक्ट मॉड्युलेशनवाला पडलाय, त्याची आरएफ (चॅनेलचा सिग्नल) काढली की नुसती सपाट लाईट मिळते, १० डीबीएम. पुढे १० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (लाईट कमी करणारा) लावला म्हणजे शून्य. भाच्याला बजावलं, ही दिसत नाही, १० मिलीवॅट आहे, टोक डोळ्यासमोर धरायचं नाही, आधी मीटर मग डोकं.

लावला आणि मीटर नाचायला लागला. मायनस १, मायनस ४, मायनस १२, परत मायनस २. कोणी हात लावलेला नाही. मी आर्मच्या जवळ नुसतं बोट नेलं, टेकवलं नाही, दोन बोटं अंतरावर असेन, तर आकडा सरसर खाली गेला आणि परत वर आला, परत खाली. बोटाची ऊब कळत होती त्याला! आम्ही दोघं पंधरा मिनिटं तेच करत बसलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली काम चाललंय की खेळ.

८ डिसेंबर, रविवार

आता उलटा प्रॉब्लेम. आधी काहीच हलत नव्हतं, आता थांबत नाही. पंखा चालू केला की नाचतो. हिने चटणीला मिक्सर लावला तर मीटरचा आकडा धरता येईना, आवाजाने पण फायबर हलते म्हणजे. हिशोब केला: दोन्ही आर्म दोन दोन मीटरचे आहेत, एका आर्मचं तापमान दुसऱ्यापेक्षा एक डिग्री जास्त झालं तर त्याची लाट चौदा लाटांनी मागे पडते. चौदा! आणि आपल्याला हवीय अर्धी.

म्हणून दोन गोष्टी. आर्म कापून ७० सेंटिमीटरवर आणायचे, आणि दोघांना एकत्र, एकाच वेटोळ्यात, एकाच डब्यात ठेवायचं म्हणजे ऊब लागली तर दोघांना सारखी लागेल. फरक पडतो तो फरकाचा, एकूण गरमीचा नाही. डबा हिच्याकडून मागितला, स्टीलचा, पोळ्यांचा, घट्ट झाकणाचा. बाहेरून थर्माकोल. देताना हिने विचारलं परत कधी, मी म्हटलं पंधरा दिवसांत.

२२ डिसेंबर, रविवार

मधला रविवार गेला, आमच्या एरियात कोणीतरी खोदकाम करताना केबल तोडली, रात्री अडीचला घरी आलो.

डब्यात बसवल्यावर बराच शांत झालाय. पण खाली मायनस १३ च्या पलीकडे जात नव्हता. चांगल्या स्विचला वर आणि खाली यात २० डीबी तरी फरक हवा. भाचा म्हणाला पोलरायझेशन. लाईटची लाट कोणत्या दिशेला डोलते ते, फायबर वाकली की ती दिशा फिरते, दोन्ही आर्ममध्ये वेगवेगळी फिरली तर परत भेटताना पूर्ण कटत नाहीत. उपाय काय तर म्हणे एका आर्मचं एक वेटोळं हळूहळू पीळ देत फिरव. मला वाटलं थापा मारतोय. पण रुपयाएवढी दोन वेटोळी केली, चिमटीत धरून पानासारखी कलती केली आणि खरंच, मायनस १५, १७, २१. तिथेच टेप मारली, श्वास रोखून. एवढं लहान वेटोळं मी फील्डवर कोणाला करू देणार नाही, १५५० ला लगेच लॉस येतो, इथेही अर्धा डीबी गेला, जाऊ दे.

१२ जानेवारी २०२५, रविवार

हीटर. दहा सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर एक आर्म थर्मल पेस्टमध्ये झोपवला, खाली २२ ओहमचा रेझिस्टर. ५ व्होल्टवर साधारण १.१ वॉट. दहा सेंटिमीटरला अर्ध्या लाटेसाठी पाऊण डिग्रीपेक्षा थोडंच कमी लागतं, म्हणजे हात लावून कळणार पण नाही गरम झालं ते.

चालू केला. पहिल्या लेगला मायनस १.४ होतं, हळूहळू उतरायला लागलं, त्याच वेळी दुसऱ्या मीटरवर चढायला लागलं. दोन मीटर शेजारी शेजारी ठेवले होते, एक तराजू खाली एक वर तसं. अडीच सेकंदांनी पहिला मायनस २१, दुसरा मायनस १.५. स्विच झाला! बंद केला, परत यायला मात्र सात आठ सेकंद, कारण गरम आपण करतो, थंड ते आपलं आपण होतं. भाच्याने व्हिडिओ काढला, त्यात मागे कुकरची शिट्टी आहे.

अडीच सेकंद म्हणजे काहीच नाही हे मान्य. हीच गोष्ट काचेच्या चिपवर करतात, हीटर म्हणजे धातूचा बारीक पट्टा असतो, तापवायला काचच एवढीशी की मिलीसेकंदात काम होतं. लिथियम नायोबेटमध्ये तर गरमही करत नाहीत, नुसता व्होल्टेज दिला की नॅनोसेकंदात. आपण तापवतोय अडीच पावणेतीन ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम.

१९ जानेवारी, रविवार

आज डेटा. ८० किलोमीटरचा १५५० एसएफपी (लेसर आणि रिसीव्हर एकत्र असलेला छोटा मॉड्यूल) मीडिया कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे लॅपटॉपची वायर फायबरला जोडणाऱ्या डब्यात, घातला, त्यात पण डीएफबीच असतो म्हणून मी निवांत. समोर दोन लेगला दोन कन्व्हर्टर, दोन लॅपटॉप. स्विच मारला. काही नाही. मीटर दोन्हीकडे जवळपास सारखाच, वर खाली जेमतेम दोन तीन डीबी.

डोकंच फिरलं. लेसर एका रंगाचा आहे, डबा तोच, वेटोळी तीच, केबलवाल्या ट्रान्समीटरवर चालतं आणि याच्यावर नाही. तीन वेळा कनेक्टर पुसले. भाचा गप्प बसला होता, मग वहीत काहीतरी करून म्हणाला मामा, परत तेच ४ सेंटिमीटर.

झालं असं की आर्म कापताना मी दोन्ही सारखेच कापले, त्यामुळे फरक तसाच राहिला. सपाट लाईटला त्याने काही बिघडत नाही कारण डीएफबीचा ताल काही मीटर टिकतो. पण डेटा जाताना लेसर सेकंदाला सव्वा अब्ज वेळा कमी जास्त होतो आणि प्रत्येक वेळी त्याचा रंग पण किंचित सरकतो, याला चर्प म्हणतात. आर्ममध्ये ४ सेंटिमीटर फरक असेल तर दर ५ गिगाहर्ट्झला लाईट एका लेगवरून दुसऱ्यावर जाऊन परत येते, म्हणजे ०.०४ नॅनोमीटरला एक पूर्ण फेरी. लेसर तेवढा तर डेटा पाठवतानाच सरकतो. वर लेसरचं तापमान एक डिग्री बदललं की ०.१ नॅनोमीटर, म्हणजे अडीच फेऱ्या तिथेच. आपला स्विच इमानदारीत रंगाप्रमाणे लाईट इकडे तिकडे टाकत होता, आपल्याला तो सगळा एकत्र दिसत होता.

म्हणजे दोन्ही आर्म सारखे पाहिजेत. जवळपास सारखे नाही. मिलिमीटरच्या आत. ज्या कामात मी आयुष्यभर "दोन इंच जास्त ठेव, ट्रेमध्ये बसेल" असं सांगत आलो त्या कामात.

२ फेब्रुवारी, रविवार

मोजायचं कसं यावर आठवडा गेला. ओटीडीआर (लाईट सोडून फायबरची लांबी आणि फॉल्ट शोधणारं मशीन) इथे कामाचा नाही, त्याला मीटरच्या गोष्टी कळतात. पट्टीने मोजून, कपलरच्या नळीच्या मधोमध खूण करून, कापून परत जोडलं. क्लीव्ह करताना (टोक सरळ कापताना) किती जाणार ते आधी धरून. तीन जॉइंट वाया गेले. पट्टीप्रमाणे आता फरक एक मिलिमीटरच्या आसपास, पण नळीच्या आत नक्की मध्य कुठे आहे कोणाला माहीत.

मग भाच्याच्या डोक्यातून आली ती गोष्ट, आणि याचं क्रेडिट पूर्ण त्याचं. पहिल्या दिवशी ज्या हँडहेल्ड सोर्सने काहीच झालं नव्हतं तोच लावायचा. त्याचा ताल पाव अर्धा मिलिमीटरच टिकतो ना, मग ज्या क्षणी त्याच्यावर मीटर नाचेल त्या क्षणी समजायचं दोन्ही आर्म तेवढ्यात आले. मी बघतच राहिलो. जो सोर्स मी कपाटात टाकला होता तोच माप झाला.

आर्म लांब कसा करायचा तर खेचून. फायबर एक टक्का खेचूनच फॅक्टरीत टेस्ट होते, आपल्याला हजारात एक दोन भाग हवेत. कॉलेजच्या लॅबमधून जुना स्क्रू गेज आणला, आखूड आर्मचं एक टोक लाकडी पट्टीवर एपॉक्सीने पक्कं, दुसरं स्क्रूच्या सरकत्या भागावर. जॉइंट खेचात येऊ द्यायचा नाही, तो बाहेर ठेवला, तिथे काच कमजोर असते. रात्रभर एपॉक्सी वाळू दिली.

५ फेब्रुवारी, बुधवार

रविवारपर्यंत थांबवेना. रात्री साडेदहाला बसलो. पंखा बंद, खिडकी बंद, मी स्क्रूवर, भाचा मीटरवर. एक एक खूण फिरवायची आणि थांबायचं. मायनस ८.८. मायनस ८.८. मायनस ८.८. अर्धा मिलिमीटर झाला, काही नाही. मला फायबर तुटायची भीती, कानात तो बारीक टिक आवाज यायच्या आधीच ऐकू येत होता. ०.६०. ०.६५. मायनस ८.८. भाचा म्हणाला बहुतेक उलट्या आर्मला खेचतोय आपण. मी म्हटलं अजून दहा खुणा.

०.७१ ला मायनस ८.५ झाला. मी हात काढला. आकडा तिथे राहिला नाही, ८.९, ८.३, ९.२. डब्यावर हळूच फुंकर मारली तर ७.४ वर गेला आणि १० वर आला. दोन खुणा पुढे, अजून जोरात नाचायला लागला, वर खाली पाच डीबी. त्याच्यापुढे परत कमी व्हायला लागला म्हणून मागे घेऊन मधोमध ठेवला. स्क्रूवर एपॉक्सीचा थेंब. साडेबारा वाजले होते, खालून कोणीतरी स्कूटर चालू केली आणि तीही मीटरवर दिसली.

९ फेब्रुवारी, रविवार

डेटा चालला. पिंग (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का बघायचं) सुरू ठेवून स्विच मारला, पहिल्या लॅपटॉपवर टाइमआऊट, तीन सेकंदांनी दुसऱ्यावर रिप्लाय. परत मारला, परत आला. पेढे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेढे लवकर वाटले. आज नीट बघितलं तर स्विच कुठेही असला तरी दोन्ही कन्व्हर्टरवर लिंकचा हिरवा दिवा. भाचा म्हणे असं कसं, २० डीबीचा फरक आहे, नको त्या लेगला शंभरातला एकच भाग जातोय.

हे मात्र मला लगेच कळलं कारण हे माझं रोजचं. घरोघरी जो बॉक्स लावतो तो मायनस २७ पर्यंत चालतो, मायनस २० आली तर गिऱ्हाईक खूश. या एसएफपीचा रिसीव्हर मायनस २३ पर्यंत ऐकतो. आपण सोडतोय शून्य, नको त्या लेगला गळतेय मायनस २१, त्याच्या दृष्टीने ती भरपूर लाईट आहे. पुस्तकात २० डीबी म्हणजे मोठा फरक, रिसीव्हरला तो फरक नाहीच. पुढे १० डीबी अ‍ॅटेन्युएटर टाकला, हवी ती लाईट मायनस ११ ते १२, गळती मायनस ३१. दिवा गेला. हा जुगाड आहे हे मला माहितीय, खऱ्या नेटवर्कमध्ये अशा स्विचला स्विच जोडत गेलं की प्रत्येकाची गळती साठत जाते आणि सगळीकडे अ‍ॅटेन्युएटर टाकून चालत नाही.

तुलनेसाठी एका ओळखीच्याकडून मेकॅनिकल वन बाय टू (एक इन दोन आऊट) मागून आणला, लॅचिंगवाला, काडेपेटीपेक्षा लहान. टक. लॉस ०.७, गळती माझ्या मीटरला दिसलीच नाही, दहा मिलीसेकंदांच्या आत, आणि वीज गेली तरी आहे तिथेच राहतो. आमचा डबा शेजारी ठेवला होता. भाच्याचं तोंड पडलं. खरं सांगायचं तर उद्या शेठने विचारलं दोन रस्त्यांमध्ये ऑटो बदलणारं काय लावू तर मी हे टकवालंच सांगेन, डोळे झाकून.

पण मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेकडो फायबर शेकडो फायबरना जोडायच्या असतात तिथे असे वन बाय टू किती लावणार. तिथे सिलिकॉनवरचे बारीक आरसे, प्रत्येक दोन दिशांना कलणारा. लुसेंटने २००० च्या आसपास २५६ आरशांचा लॅम्बडाराउटर आणला होता, तेव्हा धंदाच बसला म्हणून तोही बसला. त्याच काळात अ‍ॅजिलेंटने इंकजेट प्रिंटरच्या तंत्राने बुडबुड्याचा स्विच केला होता, काचेतल्या रस्त्यांच्या चौकात द्रव, तो तापवून बुडबुडा केला की लाईट त्याच्यावर आपटून वळते. हे वाचून मी अर्धा तास हसत होतो, काय डोकं आहे. आणि गूगलने २०२२ मध्ये सांगितलं की त्यांच्या डेटा सेंटरमध्ये १३६ बाय १३६ चे आरशांचे स्विच चालतात, स्वतः बनवलेले. वीस वर्षांनी आरसे परत आले.

९ मार्च, रविवार

कोड. दोन्ही लेगवर ९५:५ चे कपलर टाकून पाच टक्के लाईट केबलच्या जुन्या मेलेल्या नोडमधून काढलेल्या फोटोडायोडवर (लाईटची वीज करणारा) घेतली, तिथून आर्डुइनो, म्हणजे छोटा कंट्रोलर बोर्ड. काम एकच, नको त्या लेगची लाईट कमीत कमी ठेव, हीटर थोडा वर, थोडा खाली, जिथे कमी तिथे थांब. हव्या लेगची जास्तीत जास्त शोधण्यापेक्षा हे सोपं, कारण वरचा डोंगर चपटा असतो आणि खालची दरी टोकदार, दरीत थांबणं अचूक होतं. दुपारी उन्हं आली, पंखा लावला, तरी तासभर मायनस ३० च्या खालीच राहिला. स्क्रीनवर "लॉक ओके".

डब्याबद्दल आज विचारणा झाली.

२२ एप्रिल, मंगळवार

ओरल. डबा करी रोडवरून सकाळच्या गर्दीत न्यायचा नाही म्हणून टॅक्सी केली, मांडीवर घेऊन बसलो, प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर. पोचल्यावर एक पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर) तेवढी सैल झाली होती.

मी बाहेर बाकावर. भाच्याने नंतर सांगितलं ते लिहितो. बाहेरून आलेले सर शांत माणूस, पिंग बघितलं, स्विच दोनदा मारून घेतला, हँडहेल्ड सोर्सची गोष्ट ऐकून मान डोलावली. मग विचारलं की वीज गेली तर, भाचा म्हणाला हीटर बंद, लाईट आपोआप पहिल्या लेगला. थोडा अंदाजच होता तो पण चालून गेला. मग सरांनी काही न बोलता हात पुढे केला आणि इनपुटची पॅचकॉर्डच काढली.

दोन्ही लॅपटॉप बंद. स्क्रीनवर: लॉक ओके. गळती आजवरची सगळ्यात कमी.

बरोबरच आहे. आपण त्याला सांगितलं होतं नको तिकडची लाईट कमीत कमी कर, तर आता तिकडे काहीच नाही, तो जाम खूश. हवी तिकडे पण काहीच नाही हे बघ असं कोणी सांगितलंच नव्हतं. डेटा तो वाचत नाही, त्याला फक्त लाईट कळते, आणि लाईट नसणं म्हणजे काय हे पण आपणच शिकवायचं राहिलं. सर म्हणाले असं खऱ्या लाईनवरही होतं, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मागून केबल तुटली तरी तो आपला नॉइज पुढे ढकलत राहतो, आणि स्विचला वाटतं लाईट आहे, सगळं ठीक आहे. भाचा म्हणाला मामा, तेव्हा मला उभ्या उभ्या घाम फुटला. मार्क मात्र चांगले देतील असं वाटतंय.

२७ एप्रिल, रविवार

कोडमध्ये दोन ओळी घातल्या: दोन्ही लेगची बेरीज आधी बघायची, ती ठरलेल्यापेक्षा खाली असेल तर हीटर आहे तिथे गोठवायचा आणि "इनपुट नाही" दाखवायचं. पॅचकॉर्ड दहा वेळा काढून घालून बघितली, दहाही वेळा बरोबर.

ट्रान्समीटर गोडाऊनला, मशीन शेठकडे, स्क्रू गेज लॅबला द्यायचा आहे पण तो एपॉक्सीने चिकटलाय, हीट गनने सोडवावा लागेल. डबा रिकामा करून घासला. झाकणाला आतून दोन ठिकाणी एपॉक्सी राहिली आहे, निघत नाही. हिने बघितला, उजेडात धरून फिरवला आणि म्हणाली आता याच्यात खिळे ठेव. नवीन डबा आणायला भाच्याला पाठवलाय.